कार्ड पाहुण्याच्या ताब्यात

मंगळवार, ३

क्लिनिकचा जुना कॉम्प्युटर आज घरी आणला. खरं तर त्याचं प्रेतच आणलं. बोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटलेत, आतून जळकट वास येतोय. डिस्क मात्र जिवंत आहे आणि ते कार्डही शाबूत दिसतंय. कामाच्या नोंदी मी लॅपटॉपवर वेगळ्या ठेवणार आहे. ही वही चिडण्यासाठी. ऑफिसात सर्व्हर सांभाळताना चिडायची सोय नसते, निदान घरी तरी असावी.

आधी सगळं एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. माझी मुलगी खारू दोन वर्षांची असताना तिच्या कानात ऑपरेशन करून इम्प्लांट बसवलं. बाहेर कानामागे प्रोसेसर असतो आणि त्याची वाटोळी कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. प्रोसेसरमध्ये तिचा मॅप असतो, म्हणजे कुठल्या स्वराला आत किती करंट द्यायचा ते. तो मॅप तिच्यापुरताच, दुसऱ्या कुणाला चालत नाही. गेल्या महिन्यात प्रोसेसर बिघडला. कपाटातला राखीव काढला तर तो कोरा. तो भरायचा म्हणजे क्लिनिकचा हा एकच कॉम्प्युटर, त्यातलं प्रोसेसरशी जोडणारं हे एकच कार्ड आणि त्यावरचं सॉफ्टवेअर. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आम्ही तारीख घेऊन क्लिनिकमध्ये पोचायच्या आतच कॉम्प्युटरने मान टाकली.

म्हणजे आज माझ्या आठ वर्षांच्या मुलीला काहीही ऐकू येत नाही. सर्जन म्हणतात, आतलं काढून नवं बसवलं तर आतली नाजूक रचना टिकेलच असं नाही. क्लिनिकच्या बाई म्हणाल्या, "तुमचं कामच हे आहे ना? बघा काही होतंय का. मी तर हात टेकले."

मी म्हणालो, "आठवड्याभरात करून देतो."

घरी आल्यावर हिने विचारलं, खुणांची भाषा शिकवणारा एक वर्ग शनिवारी असतो, खारूला घेऊन जाऊ का. म्हटलं, जा हवं तर, पण त्याची गरज पडणार नाही.

बुधवार, ४

बेत असा आहे. जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही. म्हणून नव्या मशीनच्या पोटात एक खोटं जुनं मशीन उभं करायचं. बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. मी आपला यजमान आणि पाहुणा म्हणतो. पाहुण्याला आपण खोटे आहोत हे कळत नाही, तो गुण्यागोविंदाने राहतो. अडचण एवढीच की कार्ड खरं आहे. ते यजमानाच्या स्लॉटमध्ये बसणार आणि पाहुण्याच्या हवाली करायचं. तेही उसनं नाही. यजमानाने दोन्ही हात सोडायचे, त्याकडे बघायचंसुद्धा नाही.

ऑफिसात हे मी कितीदा केलंय. जुना स्लॉट असलेला एक बोर्ड मिळाला आहे. भंगारातून आणखीही दोन आणले होते, ते दोन्ही मेलेले निघाले.

शनिवार, ७

पाहुणा उठून बसला! तोच जुना निळा पडदा, क्लिनिकच्या त्याच फाईली, त्यात खारूचं नाव. सॉफ्टवेअर सुरू झालं आणि म्हणालं, कार्ड सापडत नाही. साहजिक आहे, अजून दिलंच नव्हतं. मग दिलं आणि अख्खं मशीन गोठलं. रीस्टार्ट केलं, परत दिलं, परत गोठलं. दिवसभर हेच चाललंय.

मध्येच खारू आली आणि टेबलावर दोन थापा मारल्या. हल्ली ती अशीच हाक मारते. बोलणं जवळजवळ बंद झालंय. स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे कधी किंचाळते तर कधी नुसते ओठ हलतात. मी दर वेळी "नीट बोल" म्हणून सांगतो, म्हणजे ओठांवरून तिला कळेल असं म्हणतो. आज मी मान न वळवता हात वर केला, थांब म्हणून. थोडा वेळ उभी होती. हातात काहीतरी होतं. विचारायचं राहून गेलं.

रविवार, ८

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. मशीन आपल्या उपकरणांचे गट पाडतं. एका गटातली उपकरणं एकमेकांशी यजमानाला न विचारता परस्पर बोलू शकतात, म्हणून द्यायचा तर गट अख्खाच द्यावा लागतो. आमचा जुना स्लॉट कुणाच्या गटात असावा? नेटवर्कच्या आणि डिस्कच्या! कार्ड पाहुण्याला दिलं की त्याच्यामागोमाग यजमानाची डिस्कही जाते. म्हणजे पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला गेलो आणि घराच्या किल्ल्याच देऊन बसलो. गोठणारच.

हिला समजावून सांगितलं. वाटाणे सोलत ऐकून घेतलं.

"म्हणजे एकाला न्यायचं तर सगळ्यांना न्यावं लागतं?"

"हो."

"शहाणं आहे की मग तुझं मशीन," म्हणाली.

यात शहाणपण कसलं? डोक्याला ताप आहे नुसता.

मंगळवार, १०

शाळेतून फोन. वर्गशिक्षिका फार गोड बोलतात, त्यामुळे मुद्द्यावर यायला वेळ लागतो. मुद्दा असा की खारूला वर्गात काही समजत नाही. मागच्या बाकावर बसून चित्रं काढते. सत्र संपेपर्यंत ऐकण्याची सोय झाली नाही तर "तिच्यासाठी योग्य अशा" शाळेचा विचार करावा. मी म्हणालो, माझी मुलगी ऐकते, मशीन बिघडलंय तिचं. त्या म्हणाल्या, हो, हो, बरोबर आहे. त्यांच्या त्या 'बरोबर आहे'नं माझं टाळकं सटकलं आणि मी फोन ठेवून दिला.

सहा वर्षं एकेक शब्द घासून घेतलाय तिच्याकडून. 'स' यायला एक उन्हाळा गेला. ते सगळं आता मातीत जाणार? क्लिनिकच्या बाई म्हणतात, खंड जितका लांबेल तितकं परत जमायला जड जाईल.  ऑफिसात आज एका साध्या कामात चूक केली. साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी ठीक म्हणालो.

बुधवार, ११

गट जबरदस्तीने तोडायची एक युक्ती आहे. यजमानाला थाप मारायची की ही उपकरणं वेगवेगळी आहेत बरं का. सगळे सांगतात, करू नका. केलं. मशीन सुरू झालं, कार्ड पाहुण्याकडे गेलं, मी हुश्श केलं. तासाभराने डिस्कवरच्या फाईलींचा पार चिवडा झाला. वेगळी नव्हतीच ती, मागच्या दाराने एकमेकांना भेटत होती.

प्रत होती म्हणून वाचलो. पुन्हा श्रीगणेशा. रडावंसं वाटतंय.

शनिवार, १४

सापडलं!

बोर्डवर एक मोठा स्लॉट आहे, थेट मशीनच्या मुख्य प्रोसेसरला जोडलेला. तो गटात एकटाच राहतो. त्यात पडद्याचं कार्ड होतं. ते उपटून फेकलं, तिथे अॅडॅप्टर लावला आणि अॅडॅप्टरवर क्लिनिकचं कार्ड. यजमानाला आता पडदाच नाही, तो आंधळा झालाय, लॅपटॉपवरून त्याला चालवतो. चालेल. गटात एकटं कार्ड, दुसरं कुणी नाही. पाहुण्याला दिलं आणि सॉफ्टवेअरमध्ये हिरवी अक्षरं आली: उपकरण सापडलं.

मी एवढ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात आले. घरात सांगायला कुणी नव्हतं, दोघी त्या वर्गाला गेल्या होत्या. काकांनाच सांगितलं. त्यांना ओ की ठो कळलं नाही, तरी त्यांनी हात मिळवला.

संध्याकाळी बाईंकडे जाऊन चाचणीची डबी आणली. इम्प्लांटऐवजी ती जोडायची. करंट गेला की तिच्यावरचा दिवा लुकलुकतो. बाईंनी बोट रोखून बजावलं, "आधी डबीवर मॅप भरायचं पूर्ण सत्र चालवा. अर्धं नाही, पूर्ण. आणि मी समोर असल्याशिवाय मुलीला लावायचं नाही. मी उद्या बाहेरगावी जातेय, शुक्रवारी परत येतेय."

हो म्हणालो.

दोघी वर्गाहून आल्या त्या हसत आल्या. जिन्यातूनच हातवारे चालले होते. हिला म्हटलं, झालं, आता ते बंद करायला हरकत नाही. हिने बूट काढले आणि आत गेली.

सोमवार, १६

डबीवर चालवलं. एकेक कळ दाबली की दिवा लुकलुकतो, दर कळीला करंटची एकेक पायरी वाढते. एवढ्या खंडानंतर जुना मॅप तसाच घालता येत नाही म्हणे, एकेक स्वर नव्याने मोजायचा. अगदी शहाण्यासारखं चाललं. बराच वेळ केलं. पूर्ण सत्र म्हणजे फार लांबलचक प्रकरण आहे. जे चालतंय ते चालतंय, उगाच दिवाबत्ती किती वेळ बघायची?

शुक्रवार फार लांब आहे.

मंगळवार, १७

आजचं अक्षर वाचता येणार नाही, बरंच आहे.

दुपारी खारू शाळेतून आली. ही कामावर होती. मी सुट्टी टाकली होती. खारूला खुर्चीत बसवलं, राखीव प्रोसेसर कार्डाला जोडून कॉइल लावली. बसली बिचारी. मी पहिली पायरी दिली, तिच्याकडे बघितलं, काही नाही. दुसरी दिली. ती खिडकीकडे बघत होती. तिसरी. पुढची. पुढची. मला वाटलं, इतके दिवस बंद होतं, कान झोपला असेल, लागेल जास्त. मी दाबत गेलो. पडद्यावर आकडा वाढतच नव्हता, म्हणून आणखी दाबलं.

ते सगळं मध्येच कुठेतरी साठत होतं. आणि मग एकदम गेलं.

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कॉइल ओरबाडून फेकली, खुर्ची उलटली. माझ्याकडे बघितलं आणि पळाली. बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

मी दाराशी बसलो. खारू, दार उघड. बाबाचं चुकलं, बाळा. आता नाही करणार. काय काय बोललो आठवत नाही. दारावर थापा मारल्या. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी कुणाला हाका मारतोय.

ही आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जमिनीवर पालथी पडली आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत घातली. नुसती ठेवली. थोड्या वेळाने कडी निघाली.

बुधवार, १८

बाईंना फोन केला. सगळं सांगितलं.  मग म्हणाल्या, "उद्याच निघते मी."

ही माझ्याशी बोलत नाही. खारूला शाळेत पाठवलं नाही. ती माझ्या खोलीच्या दारावरूनही जात नाही, स्वयंपाकघरातून बाल्कनीतून फिरून हॉलमध्ये येते.

देवा, आतलं काही जळलं असेल तर?

शनिवार, २१

आतलं शाबूत आहे. बाईंनी आणि सर्जननी मिळून तपासलं. करंटची सर्वोच्च मर्यादा इम्प्लांटमध्येच घातलेली असते, तिनेच वाचवलं. इजा नाही, फक्त असह्य मोठा आवाज. फक्त म्हणे.

सर्जन गेल्यावर बाई म्हणाल्या, "एक विचारू? तिला ऐकू येत नाहीये हे दिसत होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग थांबायचं ना. समोरून उत्तर येत नसेल तर थांबून बघतात काय झालंय. तुम्ही वाढवत गेलात."

 डबी परत मागतील म्हणून मी पिशवी घट्ट धरून उभा होतो. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "असू दे. दोष शोधा. पण या खेपेला पूर्ण सत्र, आणि माझ्यासमोर."

अजून एक संधी मिळाली आहे. खरं तर माझी तेवढीही लायकी नाही.

रविवार, २२

दोष सापडला. त्या दिवशीचा यजमानाचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, ओळ न् ओळ वाचला.

कार्डाला काही सांगायचं असलं की ते एका लाईनवर हाक मारतं. यजमानाने ती ऐकायची आणि पाहुण्यापर्यंत पोचवायची. आता गंमत बघा. त्याच लाईनवर यजमानाचा कीबोर्ड-माऊसचा कंट्रोलरही आहे. कार्ड हाक मारतं, यजमान कंट्रोलरला विचारतो, तू मारलीस का? तो म्हणतो, नाही बुवा. मग यजमान खांदे उडवून आपल्या कामाला लागतो. कार्ड पुन्हा हाक मारतं. पुन्हा तेच. असं हजारो वेळा झालं आणि मग लॉगमध्ये ही ओळ आली. इथे मराठीत उतरवून ठेवतो, कारण एवढी निर्लज्ज ओळ मी आजवर वाचलेली नाही:

'या हाकेची कुणालाच पर्वा नाही. लाईन बंद करत आहे.'

खरंच असं लिहिलंय. ज्या कुणी हा प्रोग्राम लिहिला त्याची कमाल आहे. अरे, हाक मारणारा जीव तोडून हाक मारतोय, तू नीट बघितलंस का कोण आहे ते? नाही. उलट त्याचीच लाईन बंद! लाईन बंद झाली की यजमान कधीतरी अधूनमधून डोकावून बघतो, आणि तोवर साठलेलं सगळं एका दमात पलीकडे ढकलतो. मंगळवारी तेच झालं. डबीवर मी थोडाच वेळ चालवलं, तेवढ्यात लाईन बंद पडायची पाळी आली नाही. पूर्ण सत्र केलं असतं तर दिसलं असतं.

संताप संताप झाला. दिवसभर डोक्यात तीच ओळ.

काम मात्र आज सलग झालं. खारू हल्ली टेबलावर थापा मारायला येत नाही. ते एक बरं झालं, मध्ये मध्ये तुटत नाही.

मंगळवार, २४

कंट्रोलर बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या मुळातल्या सेटिंगमधून, बंद केला. ती लाईन आता एकट्या कार्डाची. कुणाची हाक, असा प्रश्नच नको. यजमानालाही बजावून ठेवलं, इथून हाक आली की ती कार्डाचीच, थेट पाहुण्याकडे द्यायची.

बाई दुपारी घरी आल्या आणि माझ्याच खुर्चीत बसून डबीवर पूर्ण सत्र चालवलं. कळ दाबली की दिवा, कळ दाबली की दिवा, कुठेही उशीर नाही. मी मुद्दाम यजमानावर भाराभर कामं टाकली. तरी नाही. लॉग कोरा करकरीत. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "जमवलंत हो."

या वाक्यासाठी मी इतके दिवस तडफडत होतो. आलं तेव्हा नुसती मान हलवली.

बुधवार, २५

खारू बसत नाही.

कॉइल दाखवली की मागे सरकते. चित्रांचे रंग आणून दिले, ते घेतले आणि गेली. ओठ मोठे करून सांगितलं, आता दुखणार नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघायचंच सोडून दिलं, नजर जमिनीवर. शेवटी माझा धीर सुटला. मशीन तयार, बाई तयार, शाळेची मुदत डोक्यावर, आणि घोडं अडलंय ते इथे. उचलायला वाकलो तर ही मध्ये येऊन उभी राहिली.

"उचलून बसवणार आहेस?"

"मग काय करू? तिच्या भल्याचंच आहे ना?"

"तिला विचारलंस?"

"आठ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"हेच. ऐकायचंय का म्हणून."

"आणि नाही म्हणाली तर?"

हिने खारूला मागे घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही. मला पण भीती वाटते. पण ती रोज मला विचारते, बाबा रागावलाय का, म्हणून. मी काय सांगू?"

कशी विचारते, म्हटलं. तर हिने हाताने करून दाखवलं. मला काही कळलं नाही. म्हटलं, तूच विचार ना मग तिला, तुला येतात खुणा.

"नाही," म्हणाली. "मी मध्ये नाही पडणार. तू विचारायचंस."

शनिवार, २८

त्या वर्गाला जाऊन आलो. एक मोठी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि चिडीचूप. मला वाटलं होतं उदासवाणं असेल. कसलं काय! इतका गोंगाट मी कधी बघितला नव्हता. सगळे एकमेकांचं बोलणं तोडत होते, एक म्हातारा गृहस्थ विनोद सांगत होता आणि समोरच्या बाई हसून हसून खुर्चीवरून घसरत होत्या. खारू त्या गोलाच्या मधोमध. तिचे हात इतके भराभर चालत होते की मला एक अक्षर लागेना. आपली मुलगी बडबडी आहे, हे मला आज कळलं.

मी एका कोपऱ्यात, हातांचं काय करायचं ते न कळून. शिकवणाऱ्या ताईंना लिहून दाखवलं, मला एकच वाक्य शिकवा. वाचून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग शिकवलं. माझी बोटं म्हणजे काटक्या. कीबोर्डवर चालतात, हवेत चालत नाहीत.

खारू लांबून बघत होती. शेवटी राहवेना, आली. माझा अंगठा धरून आत दुमडला. मी परत चुकलो, तिने कपाळावर हात मारला आणि परत दुमडला. मंगळवारच्या त्या दुपारनंतर आज पहिल्यांदा तिने मला हात लावला. मला तिथेच हुंदका आला. खोलीत कुणाला ऐकू गेला नाही, पण दिसला सगळ्यांना.

रविवार, १

सकाळी न्याहारी झाल्यावर तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि विचारलं. तुला ऐकायचंय का? अंगठा बहुतेक बरोबर होता.

तिने आधी हिच्याकडे बघितलं, हिने मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. मग खारूने काहीतरी लांबलचक सांगितलं. मला कळलं नाही. मी 'परत' म्हणालो, ती खूण कालच शिकलो. तिने परत सांगितलं, सावकाश, मी मंद आहे हे ओळखून. तरी कळलं नाही. माझ्या तोंडावर आलं होतं, हो की नाही एवढं सांग. पण बसून राहिलो. शेवटी तिने माझा हात धरला, खोलीत नेलं, लॅपटॉपच्या माऊसवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर.

ते कळलं.

बाईंना फोन केला. त्या आल्या आणि आधी वरची मर्यादा घालून ठेवली, त्यापलीकडे कुणी कितीही दाबलं तरी काही जाणार नाही. खारू माझ्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. कॉइल तिने स्वतः लावली. मी मागे उभा राहिलो.

एक पायरी. थांबली, डोळे मिटून बघितलं. दुसरी. थांबली. एवढं सावकाश काम मी कुणाचंच बघितलेलं नाही. चौथ्या-पाचव्या पायरीला तिची भुवई हलली. ही पटकन तोंडावर हात ठेवून बाहेर गेली आणि लगेच परत आली. एकेक स्वर तिने असा लावला. नको वाटलं की एक पायरी मागे यायची. बाईंच्या कागदावर पूर्वीच्या मॅपची रेघ होती, खारूची रेघ तिच्या बरीच खाली चालली होती. मी बाईंना खुणावलं, अजून हवं ना? बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी हात खिशात घातले.

मग सगळे स्वर एकत्र चालू केले. आता खोलीतलं सगळं तिला जायला हवं. वरचा पंखा घरघरत होता. माझ्या तोंडात तिचं नाव आलं होतं, ते गिळलं. खारूने माऊस आणखी दोन पायऱ्या वर नेला, तोंड वाकडं केलं, एक पायरी खाली आणला आणि हात काढून घेतला.

"पुरे," ती म्हणाली.

इतक्या मोठ्यांदा, की बाई दचकल्या. शब्दाच्या कडा झिजलेल्या, सूर चढलेला. आणि खारू स्वतः दचकली. आधी दाराकडे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. मग हळूच गळ्याला हात लावला. 

मग परत म्हणाली, "पुरे." पण या वेळी हळू. आपल्याला बोलताना जेवढा लागतो, बरोबर तेवढाच आवाज.

पूर्वीच्या रेघेपर्यंत अजून बऱ्याच पायऱ्या होत्या. मी मॅप सेव्ह करायचं बटण कुठे आहे ते तिला दाखवलं आणि तिने ते दाबलं.